स्वस्त स्कॉचची पारख

दारूच्या दुकानातल्या फळ्यांवर स्कॉचच्या बाटल्या ज्या क्रमाने लावलेल्या असतात, त्या क्रमात एक ठरून गेलेला निवाडा असतो. वर सिंगल माल्ट, त्याखाली ब्लेंड, आणि ब्लेंडांतही जिच्यावर वर्षांचा आकडा नाही ती सगळ्यात स्वस्त बाटली तळाला. दुकानदाराच्या दृष्टीने हा किमतींचा क्रम आहे आणि त्यात काही गैर नाही. पण पिणाऱ्यांनी आणि व्हिस्कीवर लिहिणाऱ्यांनी तोच क्रम गुणांचाही मानला. त्यामुळे स्वस्त ब्लेंडचा पहिला घोट घेताना जो प्रश्न मनात असतो तो असा, की ही माल्टच्या किती जवळ जाते? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. ब्लेंडेड स्कॉच ही माल्टमध्ये काटकसर करून तयार झालेली वस्तू नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये एका निराळ्या अडचणीवर काढलेला तो निराळा तोडगा होता. तो तोडगा कोणी काढला, कशासाठी काढला आणि त्यावर कोणकोणते खटले चालले, हे पाहिले तर स्वस्त ब्लेंड जोखण्याची मापे त्यातूनच हाती येतात.

अडचण अशी होती. 1823च्या अबकारी कायद्याने परवाना आणि कर परवडण्याजोगे केले, पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, आणि चोरट्या भट्ट्यांचा काळ हळूहळू मागे पडला. माल मात्र पूर्वीसारखाच राहिला. तांब्याच्या भांड्यात, एका वेळी एक घाणा, अशा रीतीने गाळलेली माल्ट व्हिस्की घाण्यागणिक बदलत असे. पिंप बदलले की पुन्हा बदलत असे. बार्ली पीटच्या धुरावर किती सुकवली, भट्टीखालचा जाळ किती होता, पहिली आणि शेवटची धार कुठे तोडली, पिंपात आधी काय भरलेले होते, यांतल्या प्रत्येक गोष्टीची खूण द्रवात उतरे. ही व्हिस्की बाटलीत विकली जात नव्हती; पिंपातून मोजून विकली जाई. महिन्यापूर्वी नेलेली चव आज त्याच दुकानात मिळेलच अशी खात्री दुकानदारालाही देता येत नसे. डोंगराळ भागातल्या पिणाऱ्याला त्याचे काही वाटत नव्हते. ग्लासगो, एडिंबरा आणि विशेषतः लंडनच्या गिऱ्हाइकाला मात्र ती उग्र, धुरकट आणि बेभरवशाची वाटे, आणि ते गिऱ्हाईक ब्रँडीकडे वळे.

दुसऱ्या बाजूला याच काळात सपाट प्रदेशातल्या मोठ्या कारखान्यांत वेगळीच गोष्ट घडत होती. रॉबर्ट स्टाइन याने 1820च्या दशकाच्या अखेरीस अखंड चालणारी भट्टी बनवली. 1830मध्ये इनियस कॉफी या आयर्लंडमधल्या माजी अबकारी अधिकाऱ्याने तिची अधिक सुधारलेली रचना पेटंट करून घेतली. दोन उंच स्तंभ, एकातून आंबवलेला रस खाली येतो आणि वाफ वर जाते, आणि यंत्र न थांबवता मद्य मिळत राहते. धान्य कोणतेही चालते, त्यात थोडी मोड आणलेली बार्ली असली की पुरे. या भट्टीतून निघणारे मद्य फार तीव्र आणि फार हलके असते. आजही ते साधारण 94 टक्क्यांपर्यंत पोचते, तर भांड्यातल्या दुसऱ्या गाळपात माल्ट 70च्या आसपास राहते. तीव्रता जितकी जास्त, तितकी धान्याची आणि आंबण्याची चव मागे सुटते. म्हणजे एकीकडे चव भरपूर पण भरवसा नाही, आणि दुसरीकडे भरवसा पूर्ण पण चव कमी. खुद्द आयर्लंडमधल्या बड्या गाळणाऱ्यांनी कॉफीचे यंत्र नाकारले, आणि 1870च्या दशकात तर अशा मद्याला व्हिस्की म्हणणे ही फसवणूक आहे असे सांगणारे पुस्तक डब्लिनच्या घराण्यांनी मिळून छापून घेतले. स्कॉटलंडने ते यंत्र स्वीकारले. पुढच्या शतकात दोन्ही देशांच्या व्हिस्कीचे नशीब वेगवेगळे झाले त्याची अनेक कारणे आहेत, पण हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

या दोन टोकांना जोडणारे लोक गाळणारे नव्हते, किराणा आणि दारू विकणारे दुकानदार होते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. एडिंबरामध्ये अँड्र्यू अशर याच्या घराण्याने 1853च्या सुमारास वेगवेगळ्या वयांच्या ग्लेनलिव्हेट माल्टचे मिश्रण करून एकाच नावाने विकायला सुरुवात केली. 1860च्या कायद्याने कर भरण्याआधीच, सरकारी कुलपातल्या गोदामात, माल्ट आणि ग्रेन, म्हणजे अखंड भट्टीतले धान्याचे मद्य, एकत्र करण्याची मुभा दिली, आणि मोठ्या प्रमाणावर ब्लेंड करणे परवडू लागले. मग किलमार्नकचे वॉकर, पर्थचे ड्यूअर आणि ग्लोग, ॲबरडीनचे चिव्हास बंधू, ग्लासगोचा विल्यम टीचर, लीथचा विल्यम सँडरसन असे एकामागून एक उभे राहिले. जॉन वॉकरने 1820मध्ये थाटलेले दुकान किराण्याचे होते. तिथे चहाही विकला जाई, आणि वेगवेगळ्या मळ्यांचा चहा मिसळून दर वर्षी तीच चव देणे हा त्या काळच्या किराणा दुकानदाराचा रोजचा धंदा होता. आपल्याकडच्या घरात सकाळी उकळणाऱ्या चहाच्या पुड्यातही कित्येक मळ्यांची पाने असतात, आणि त्या पुड्याला कोणी भेसळ म्हणत नाही. गेल्या महिन्यासारखाच लागला की तो चांगला. त्या दुकानदारांनी व्हिस्कीकडे नेमके याच नजरेने पाहिले. जॉनचा मुलगा अलेक्झांडर वॉकर याने 1867मध्ये आपल्या मिश्रणाचे नाव नोंदवले, चौकोनी बाटली आणि तिरके लेबल रूढ केले, आणि जहाजांच्या कप्तानांमार्फत माल परदेशी पाठवला. जगाच्या दुसऱ्या टोकाला फोडलेली बाटली किलमार्नकमधल्या बाटलीसारखी लागली नसती, तर हा व्यापार वर्षभरही टिकला नसता.

त्यात नशिबाचाही हात होता. 1860च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षवेलींना फायलॉक्सेरा ही कीड लागली आणि 1880च्या दशकापर्यंत कोन्याक दुर्मीळ झाली. लंडनच्या मध्यमवर्गाची ब्रँडी-सोड्याची सवय व्हिस्की-सोड्याकडे वळली. पण नशीब एवढेच करू शकते की दार उघडून देते. त्या रिकाम्या जागेत उग्र माल्ट शिरू शकली नाही, ब्लेंड शिरली. आणि एकदा ती शिरल्यावर माल्टच्या भट्ट्याच तिच्यासाठी बांधल्या जाऊ लागल्या. वॉकरांनी 1893मध्ये एलिझाबेथ कमिंगकडून कार्डू विकत घेतली. ड्यूअरांनी 1890च्या दशकात ॲबरफेल्डी उभारली, ॲडम टीचरने 1898मध्ये आर्डमोर. आज ज्या भट्ट्यांची नावे सिंगल माल्टच्या बाटल्यांवर मानाने छापली जातात, त्यांतल्या पुष्कळशा कुठल्या ना कुठल्या ब्लेंडला चव पुरवण्यासाठी जन्मल्या किंवा त्यामुळे जगल्या. खर्चाचा हिशेब असो की कलेचा, मूळ वस्तू कोणती आणि तिच्यापासून निघालेली कोणती, याचे उत्तर दुकानातल्या फळीवर दिसते त्याच्या उलट येते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मिसळण्याची मुभा म्हणजे लबाडीची मुभा नव्हे काय? काही काळ ती तशी होती. लीथच्या रॉबर्ट आणि वॉल्टर पॅटिसन या भावांनी 1890च्या दशकात जाहिरातींवर वारेमाप पैसा उधळला, उधारीवर डोलारा उभा केला, आणि स्वस्त मद्यात थोडी चांगली माल्ट घालून ती ग्लेनलिव्हेटच्या नावाने चढ्या भावात विकली. 1898च्या डिसेंबरात पेढी कोसळली. 1901मध्ये दोघांना फसवणुकीबद्दल तुरुंगवास झाला, आणि त्यांच्याबरोबर अनेक लहान व्यापारी बुडाले. स्पेसाइडमध्ये त्यानंतर जवळपास सहा दशके नवी भट्टी उभी राहिली नाही. ही घटना ब्लेंडच्या विरोधातला पुरावा म्हणून सांगतात. मला ती वेगळे काही सांगते. पॅटिसनांचा माल लोकांनी विकत घेतला तो त्यावरच्या माल्टच्या नावामुळे. पेल्यातल्या चवीकडे न पाहता लेबलावरच्या नावाला किंमत मोजली की काय होते, त्याचा हा दाखला आहे, आणि तो धोका सिंगल माल्टच्या बाटलीलाही तितकाच लागू पडतो.

दुसरा खटला अधिक मोलाचा, कारण त्यात प्रश्न थेट विचारला गेला. 1905मध्ये लंडनच्या इझ्लिंग्टन भागातल्या दारू विक्रेत्यांवर खाद्यपदार्थांच्या भेसळीच्या कायद्याखाली फिर्याद झाली. आरोप असा, की गिऱ्हाइकाने व्हिस्की मागितली आणि त्याला बहुतांशी कॉफी भट्टीतले मद्य दिले. 1906मध्ये दंडाधिकारी फोर्डम यांनी विक्रेत्यांविरुद्ध निकाल दिला. अपील झाले तेव्हा न्यायपीठ समसमान विभागले गेले. व्यापार हादरला आणि अखेर 1908मध्ये लॉर्ड जेम्स ऑफ हेरफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमावा लागला. आयोगाने साक्षी घेतल्या, भट्ट्या पाहिल्या, आणि 1909मध्ये सांगितले की धान्याच्या रसातल्या पिष्टाची माल्टमधल्या विकराने साखर करून जे मद्य गाळले जाते ती व्हिस्की. ते स्कॉटलंडमध्ये गाळले तर ती स्कॉच. भट्टी कोणती, याला महत्त्व नाही. आणि, यावरच सारे अडते, मिश्रणात माल्ट किमान किती असावी याबद्दल एकही आकडा आयोगाने घातला नाही.

हा निकाल बलाढ्य ग्रेन कंपन्यांच्या दबावामुळे झाला असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि 1877मध्ये सहा ग्रेन कारखान्यांनी मिळून उभी केलेली डिस्टिलर्स कंपनी तेव्हा खरोखरच बलाढ्य होती. तरीही मला आयोगाची भूमिका समजण्यासारखी वाटते. माल्टचा टक्का ठरवून दिला असता तर चवीची हमी मिळाली असती काय? तीस टक्के कच्ची, वाईट पिंपात मुरलेली माल्ट घातलेले मिश्रण वीस टक्के चांगल्या माल्टच्या मिश्रणापेक्षा निकृष्ट ठरू शकते. खरी उणीव वयाची होती, आणि ती युद्धाने भरून काढली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे मंत्री लॉइड जॉर्ज यांना कारखान्यांतल्या कामगारांचे पिणे आवरायचे होते. त्यातून 1915चा कोवळ्या मद्यावर बंदी घालणारा कायदा आला: आधी दोन वर्षे, मग तीन वर्षे गोदामात मुरवणे सक्तीचे झाले. हेतू दारू कमी करण्याचा होता, फळ मिळाले ते चवीला. आजचे 2009चे नियम त्याच पायावर आहेत. स्कॉटलंडमध्येच 700 लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे, बाटलीत किमान 40 टक्के अल्कोहोल, आणि पाणी व साधे कॅरॅमल सोडून बाहेरचे काही नाही. म्हणून सगळ्यात स्वस्त खऱ्या स्कॉचबद्दलही कायदा वय, उगम आणि शुद्धता एवढ्यांची खात्री देतो. चांगले की वाईट हे तो सांगत नाही. ते काम नाकाकडे राहते.

नाक हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. ब्लेंडर दिवसभरात शेकडो नमुने तपासतो तेव्हा त्यांतले क्वचितच गिळतो. तो वास घेतो. नमुना साधारण 20 टक्क्यांवर येईल इतके पाणी घालून, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या पेल्यात. पाणी घातल्याने अल्कोहोलची झोंबणारी वाफ दबते आणि बाकीचे वास पुढे येतात. ‘खऱ्या’ रसिकाने पाणी घालू नये, हा समज निदान या धंद्याच्या आतल्या खोलीत कधीच मान्य नव्हता. 2017मध्ये स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्ल्सन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवले, की धुराचा वास देणारा ग्वायाकोल हा रेणू कमी तीव्रतेच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, तर फार तीव्र मद्यात तो अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत दडतो. ब्लेंडरच्या जुन्या सवयीला मिळालेला हा उशिराचा दुजोरा आहे.

ब्लेंडर जे जुळवतो त्यात ग्रेनला भर म्हणून मोजणे ही आणखी एक चूक. स्वस्त ब्लेंडमध्ये ग्रेनचा वाटा निम्म्याहून जास्त असतो हे खरे, आणि ती स्वस्त पडते हेही खरे. पण तिला स्वतःची चव नसते हे खरे नाही. अमेरिकेत बर्बन मुरवायला दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते, त्यामुळे तिथली वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडमध्ये येतात. अशा पिंपात हलकी ग्रेन लाकडाकडून व्हॅनिला, नारळ, मऊ गोडवा पटकन घेते. हीच ब्लेंडची जमीन. त्यावर स्पेसाइडच्या माल्ट फळांचा आणि मधाचा वास आणतात, आयलाची थोडीशी माल्ट धूर आणते, आणि ज्या भट्ट्यांची नावे गिऱ्हाइकाने कधी ऐकलेली नसतात त्या मधली अंगलट देतात, जिच्यावाचून धूर एकीकडे आणि गोडवा दुसरीकडे फाटतो. एकाच घराण्याकडे यांतले सगळे असणे शक्य नाही, म्हणून प्रतिस्पर्धी कंपन्याही पिंपांची आपसात देवघेव करतात. ही सारी जोडणी माल्टची नक्कल करण्यासाठी नसते. एका सुराभोवती बाकीचे सूर बसवण्यासाठी ती असते, आणि एखादी भट्टी बंद पडली किंवा पिंप कमी पडले तर दुसऱ्या वाटेने तोच सूर गाठण्यासाठी.

मग माल्टचा हा वरचढपणा आला कुठून? फार जुन्या काळातून नव्हे. 1960च्या दशकापर्यंत स्कॉटलंडबाहेर सिंगल माल्ट बाटलीतून पिणारे अगदी थोडे होते. 1963मध्ये विल्यम ग्रँट अँड सन्स या कंपनीने आपली ग्लेनफिडिक सिंगल माल्ट म्हणून जाणीवपूर्वक परदेशात विकायला घेतली आणि पुढे इतरांनी तोच रस्ता धरला. लक्षात घेण्यासारखे हे, की त्याच सुमारास त्याच कंपनीने गर्व्हन येथे स्वतःचा ग्रेनचा कारखाना उभारला, आपल्या ब्लेंडला ग्रेनचा तुटवडा पडू नये म्हणून. ज्या घराण्याने माल्टला प्रतिष्ठा मिळवून दिली त्याचे पोट तेव्हा ब्लेंडवर होते. सिंगल माल्टचे मोठेपण मी नाकारत नाही. एका जागेची, एका भट्टीची खूण जशीच्या तशी मिळणे हा मोलाचा अनुभव आहे. मात्र तो अनुभव एका प्रकारचा आहे, आणि त्याचे माप दुसऱ्या प्रकाराला लावले की दोन्हींची ओळख पुसट होते.

इथे सगळ्यात अवघड आक्षेप येतो. ब्लेंडचा गुण सातत्य हा असेल, तर ते सातत्य खरोखर आहे काय? गेल्या साठ वर्षांत स्कॉचमध्ये किती गोष्टी बदलल्या ते पाहा. पुष्कळ भट्ट्यांनी स्वतः बार्ली भिजवून मोड आणणे सोडले आणि मोठ्या केंद्रांतून तयार माल्ट घेतली. भांड्याखालचा कोळशाचा जाळ जाऊन वाफेच्या नळ्या आल्या. ग्रेनसाठी मका वापरला जाई, तिथे 1980च्या दशकात गहू आला. शेरी पूर्वी पिंपांतून ब्रिटनला येई आणि ती पिंपे व्हिस्कीला मिळत. त्याच दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो ओघ आटला. एवढे बदलल्यावर 1960ची आणि आजची बाटली एकच आहे असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण सातत्य म्हणजे कायमचा गोठलेला नुसखा, असा अर्थ घेतला तर कुठलाही धंदा त्यात नापास होईल. ब्लेंडरने दिलेले वचन लहान आहे: मागच्या खेपेहून या खेपेची बाटली वेगळी लागू नये. प्रत्येक खेप आधीच्या नमुन्यांशी ताडून पाहिली जाते. साठ वर्षांत चव सरकली असेल, एका वर्षात ती सरकू नये. हे वचन पाळले जाते की नाही हे पिणाऱ्याला तपासता येते, आणि ज्या स्वस्त ब्लेंडा वर्षानुवर्षे टिकून आहेत त्यांच्याबाबत ते बहुतेक वेळा पाळलेले आढळते.

यावरून पारखीचे निकष ठरतात, आणि ते माल्टच्या निकषांहून वेगळे आहेत. पहिला, सांधे दिसतात का. खराब ब्लेंडमध्ये नाकाला आधी कच्च्या मद्याची नखांच्या रंगासारखी तीव्र झाक लागते, मग एकदम गोडवा, मग शेवटी लाकडाचा कडूपणा, आणि या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नसतो. चांगल्या ब्लेंडमध्ये एक चव दुसरीत कुठे शिरली ते सांगता येत नाही. दुसरा, पाणी घातल्यावर काय उरते. कमकुवत ब्लेंड तीस टक्क्यांखाली गेली की ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. चांगलीत धान्य, मध आणि धुराची रेघ शाबूत राहते. तिसरा निकष शेवटाचा. स्वस्त ब्लेंडचा शेवट लांबलचक असावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, पण तो स्वच्छ असलाच पाहिजे. कोवळेपणा तिच्यात असणारच. बाटलीवर वर्षांचा आकडा असला तर कायद्याने तो मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या घटकाचा असतो, आणि आकडा नसणे म्हणजे तीन वर्षांच्या पुढचे काहीही. कोवळेपणा हा दोष नाही, तो झाकण्यासाठी ओतलेली कृत्रिम वाटणारी गोडी हा दोष. आणि रंगावरून काही ठरवू नये, कारण कॅरॅमलची मुभा मुळात खेपांचा रंग सारखा ठेवण्यासाठी आहे. गडद दिसणारी बाटली जुनी असेलच असे नाही. जोखण्याची रीतही ब्लेंडरचीच घ्यावी: दोन-तीन स्वस्त ब्लेंड शेजारी ठेवून, लेबले झाकून, सारखे पाणी घालून. एकटी बाटली चाखून दिलेला निकाल बहुतेक वेळा तिच्या किमतीबद्दलचा असतो.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध वरवरचा नाही. 1909च्या आयोगाने जो प्रश्न सोडवला तोच आपल्याकडे दुसऱ्या रूपात उभा आहे. भारतात व्हिस्की म्हणून विकले जाणारे बरेचसे मद्य साखर कारखान्यांच्या मळीपासून गाळलेले असते. युरोपच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच हवी, म्हणून तिथे ते त्या नावाने विकता येत नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने आपल्या व्हिस्कीच्या लेबलांवर ती स्कॉचशी मिश्रित असल्याचे लिहिले, तेव्हा स्कॉच व्हिस्की असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने त्या वापराला मनाई केली. देशी मद्यात थोडी खरी स्कॉच घातली तरी मिश्रणाला स्कॉचचे नाव लावता येत नाही, असा त्याचा अर्थ. इझ्लिंग्टनमध्ये भट्टी कोणती यावरून वाद होता, मुंबईत उगमावरून. दोन्ही वेळा मुद्दा हाच होता की गिऱ्हाइकाने ज्या नावाने वस्तू मागितली ते नाव नेमके कशाचे आहे.

आता तर ही बाटली भारतात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त खपते. 2022मध्ये भारताने 21 कोटी 90 लाख बाटल्यांइतकी स्कॉच आयात केली आणि आकारमानाच्या हिशेबात फ्रान्सला मागे टाकले. त्यात मोठा वाटा घाऊक पिंपांतून येऊन इथे बाटलीबंद होणाऱ्या ब्लेंडांचा. सिंगल माल्टला ही सोय नाही; 2012पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. इथे भरलेली ब्लेंड ‘खरी’ नसते असा समज पसरलेला आहे, पण द्रव स्कॉटलंडमध्येच गाळलेला आणि मुरलेला असतो. इथे फक्त पाणी घालून तीव्रता उतरवणे आणि बाटली भरणे होते. जुलै 2025मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात 150 टक्के आयातशुल्क आधी 75वर आणि दहा वर्षांत 40वर आणण्याचे ठरले आहे. किंमत आणि प्रतिष्ठा यांची आपल्याकडची सांगड बऱ्याच अंशी या शुल्काने घातली. ते उतरेल तसे लेबलापेक्षा चवीकडे पाहून निवडणे अधिक लोकांना परवडेल.

शेवटचा आक्षेप सोड्याचा. भारतातला पिणारा व्हिस्कीत सोडा, पाणी, बर्फ सारे घालतो, मग बारीक पारख कशाला, असे विचारले जाते. पण ब्लेंड ज्या गिऱ्हाइकासाठी घडली ते व्हिक्टोरियन लंडनचे गिऱ्हाईक सोडाच घालत होते. 1880 आणि 1890च्या दशकांतल्या ब्लेंडरांनी धुराचा अंश आणि ग्रेनचा गोडवा यांचे प्रमाण सोड्यात उतरल्यावरही चव उभी राहील अशा बेताने बसवले. माल्टचा बराचसा नाजूक भाग भरपूर सोड्यात हरवतो, उलट चांगली स्वस्त ब्लेंड तिथेच खुलते. म्हणून तिची चाचणी दोनदा घ्यावी: एकदा पाणी घालून नाकाने, आणि एकदा ज्या प्रमाणात ती घरी किंवा परमिट रूममध्ये खरोखर प्यायली जाते त्या प्रमाणात सोडा घालून. पहिल्या चाचणीत सफाई दिसते. दुसऱ्या चाचणीत पेला निम्मा होईपर्यंत, बर्फ वितळून गेल्यावरही, धान्याचा गोडवा आणि मागची धुराची रेघ ओळखू येत असेल, तर त्या ब्लेंडरचे काम नीट झालेले आहे, मग बाटलीची किंमत काहीही असो.